आतून ए, बाहेरून साडेचार

दक्षिण समुद्रातल्या आमच्या उसाच्या बेटावर, तावुआ गावाच्या टॅक्सी स्टँडवर, सुबरमनी गौंडरला कुणी नावाने हाक मारत नाही. 'ग्रेडमास्तर' म्हटलं की तो मान वळवतो. माझं रोटी-पार्सलचं टेबल स्टँडला लागूनच असतं, त्यामुळे त्याच्या मास्तरकीचा पहिला मार रोज मलाच खावा लागायचा. सकाळी येऊन पार्सल सोडायचा, रोटी उलटीपालटी करून बघायचा आणि म्हणायचा, "दीदी, बाहेरून चार. आत काय, फणस? मग आतून बी. काल बटाट्याला ए दिला होता, आज घसरलीस."

"तुझ्या जिभेला ग्रेड द्यायला कुणी जपानी मिळतोय का बघ आधी," असं मी म्हणायचे. मग तो हसायचा आणि रोटी चाटूनपुसून खायचा. माझ्याहून चारदोन वर्षांनी लहान आहे, घर माझ्या घरासमोर, म्हणून मी त्याला अरेतुरे करते.

हे वेड त्याला उगाच लागलेलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी लाउटोकाच्या एका दुकानातून त्याने पहिली जपानी गाडी घेतली होती. जुनीच, पण आरशासारखी चकचकीत. पुढच्या पुरात ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि डावी बाजू भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. रंगाखाली पत्र्याऐवजी सगळी भरलेली लांबीच लांबी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमचा सुबरमनी त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

मग त्याने लिलावाचा कागद वाचायला शिकून घेतलं. जपानमध्ये जुन्या गाडीचा लिलाव होण्याआधी एक तपासनीस टॉर्च घेऊन तिच्याभोवती फिरतो, खाली वाकतो, आत डोकावतो आणि एक कागद भरतो. कागदावर गाडीचं चित्र असतं, पापड लाटल्यासारखं चपटं. जिथे ओरखडा तिथे ए, अगदी बारीक असेल तर ए-वन, पोचा असेल तिथे यू, पोचा काढून वर रंग मारलेला असेल तर डब्ल्यू, आणि अख्खा भाग बदललेला असेल तर दोन एक्स. वरच्या कोपऱ्यात एकूण ग्रेड. पाच म्हणजे जवळजवळ नवी. साडेचार म्हणजे नवरदेव. चार म्हणजे घरंदाज. साडेतीन म्हणजे तुमच्याआमच्यासारखी, रोज राबलेली. शेजारी आतल्या बाजूचं अक्षर. ए म्हणजे त्या गाडीत बसून कुणी रोटी खाल्ली नाही आणि डी म्हणजे कुणीतरी बकऱ्या वाहिल्या. सुबरमनी हे असं समजावून सांगायचा तेव्हा स्टँडवरचे ड्रायव्हर भाडं सोडून ऐकत बसायचे.

हळूहळू अख्खा तावुआ त्याला विचारून गाडी घ्यायला लागला. कागद व्हायबरवर यायचा, तो डोळ्याला चष्मा लावून फोन नाकाशी धरायचा आणि निकाल द्यायचा. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हासुद्धा मी त्यालाच पाठवलं होतं. परत येऊन म्हणाला, "बाहेरून साडेतीन आहे दीदी, दात जरा पुढे. पण आतून ए. घेऊन टाका." घेतलं. दोघं सुखात आहेत, ऑकलंडला.

आता ऑकलंडचंच सांगायचं. या गावात ज्याचं बरं चाललं तो ऑकलंडला आणि ज्याचं चाललं नाही तो सिडनीला. मागे उरतो तो माझ्यासारखा, नाही तर सुबरमनीसारखा. गेल्या काही वर्षांत तिकडे बस चालवायला माणसं कमी पडली, तेव्हा आमच्या स्टँडवरचे निम्मे ड्रायव्हर उठून गेले. एके काळी जागेवरून भांडणं व्हायची, आता दुपारी कुत्री आडवी पसरतात.

सुबरमनीचा मुलगा रोनील त्याच वाटेवर होता. एकुलता एक, प्रणीताशी लग्न झालेला. सकाळी बाप टॅक्सी चालवायचा, दुपारनंतर पोरगा. पोराचा हात असा की मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं दही हलू नये. तिकडच्या बस कंपनीची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला होता. इकडे जुनी टॅक्सी आता म्हातारी झाली होती, आणि परमिट टिकवायचं तर त्यावर दुसरी गाडी चढवणं भाग होतं.

एका रविवारी त्यांच्या ओसरीवर ग्रोगचा, म्हणजे आमच्याकडच्या कावाच्या मुळीच्या पेयाचा, वाडगा मांडला होता. मीही होते आणि आपेनिसा होता. आपेनिसा म्हणजे स्टँडवरचाच ड्रायव्हर, सुबरमनीचा जुना सोबती, दाराएवढा रुंद गडी, चर्चमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीत गाणारा. रोनीलने रीतीप्रमाणे टाळी वाजवून आपली वाटी घेतली, एका दमात संपवली आणि बापाला म्हणाला, "अप्पा, मी गाडी चालवतो की ढकलतो हेच मला कळेनासं झालंय. मी तिकडे होकार कळवतो."

"मी नवी आणतो ना," सुबरमनी म्हणाला. "अशी आणतो की तू परदेशाचं नाव काढणार नाहीस."

"नवी म्हणजे जुनीच ना?"

"जुनी. पण माझ्या डोळ्याखालून गेलेली."

रोनीलने रिकामी वाटी वाडग्यापाशी ठेवली. मग म्हणाला, "बरं. आणा. उसाच्या या गाळपापासून पुढच्या गाळपापर्यंत ती कुरकुर न करता चालली तर मी राहतो. प्रणीताही राहील, तिला तरी कुठे आपली माणसं सोडायची आहेत? पण रस्त्यात बसली तर मी जाणार, आणि तुम्ही अडवायचं नाही. आपेनिसा काका साक्षीला."

"मंजूर," सुबरमनी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू पोरगा आताच राहिला.

त्याची बायको मुनियम्मा आतून ओरडली, "अहो, मुलाला गाडीला बांधून ठेवताय? बैल आहे का तो?"

"बैल नाही, ड्रायव्हर आहे," सुबरमनी म्हणाला. "ड्रायव्हर गाडीलाच बांधलेला बरा."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

त्यानंतर लाउटोकाच्या एजंटाकडून रोज कागद यायचे आणि रोज माझ्या टेबलावर पंचायत बसायची. याची मागची काच बदललेली, त्याला खालून गंज, हिच्या आत सिगारेटची भोकं. कितीतरी गाड्या त्याने जपानातल्या जपानात गाडल्या. शेवटी दोन उरल्या, दोन्ही हायब्रिड. एक चंदेरी, दोन वर्षांनी नवी, पण भरपूर पळालेली आणि वर ग्रेड 'आर'. दुसरी पांढरी, मोत्यासारखी, साडेचार, आतून ए, आणि पळालेली इतकी कमी की मला वाटलं एजंट एखादं शून्य लिहायला विसरला.

'आर' म्हणजे अपघात होऊन दुरुस्त केलेली. रोनीलचं बोट त्या चंदेरीवरच होतं.

"अप्पा, नीट बघा तरी. उजवीकडचं मागचं दार बदललंय आणि त्याच्या मागचा पत्रा. बाकी कुठे काही नाही. इंजिनाला ठोकर नाही, चाकाला नाही. कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकली असेल. रोज पळालेली गाडी आहे ही, अंग मोकळं असणार तिचं."

"आर आहे ती."

"अहो पण—"

"आर आपल्या दारात येणार नाही. मरियम्मन देवीसमोर हातावर कापूर जाळून मी आईला शब्द दिलाय, तुला माहीत आहे."

माहीत सगळ्यांनाच होतं. सुबरमनीचा थोरला भाऊ, आम्ही सगळे ज्याला अन्ना म्हणायचो, राकिराकीच्या वाटेवर अपघातात गेला. दोन मोडक्या गाड्या जोडून केलेल्या एका गाडीत तो बसला होता, वळणावर ती जोडावरच सुटली. तेव्हापासून गौंडरांच्या घरात ठोकलेली गाडी येत नाही आणि त्या घरातलं माणूस तसल्या गाडीत पायही ठेवत नाही. आमच्याकडे अशा गाड्यांना लोक तसेही बिचकतात. कोण जाणे कुणाच्या जिवावरची आहे, कोण बसलंय आत.

"ही बघ," सुबरमनीने पांढरीचा फोटो मोठा केला. "म्हातारा-म्हातारीची असणार ही गाडी. मुलगा परगावी. घरात तरुण माणूस असता तर एवढी कमी पळाली असती का? म्हातारा महिन्यातून एकदा देवाला जात असेल, नाही तर नुसताच दारात उभी करून पुसत असेल. कुणी आदळआपट नाही, कुणी घाई नाही. याला म्हणतात नशीब."

"तुम्ही बघा काय ते," रोनील म्हणाला आणि उठून गेला. मला तेव्हाच वाटलं, पोराचं ऐकायला हवं होतं. पण मी गाडीतलं काय जाणते? माझं काम रोटी लाटायचं.

चंदेरी आपेनिसाने घेतली. सुबरमनी त्याच्यावर जाम उखडला. "अरे, कुणी मेलं असेल तिच्यात!"

"असेल," आपेनिसा म्हणाला. "आमच्या पाद्रीबाबांनी बोनेटवर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. भूत कंटाळून पोहत जपानला परत गेलं."

पांढरी बंदरात उतरली तेव्हा सुबरमनी कागद घेऊन गेला आणि एकेक खूण गाडीवर शोधत बसला. डाव्या बंपरवर नखाएवढा ओरखडा सापडला तेव्हा लहान मुलासारखा ओरडला, "आहे! बघ, ए-वन! खरं लिहिलंय!" देवळात चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, कापूर ओवाळला, नारळ फोडला. आसनांवरचं प्लास्टिक तसंच ठेवलं. आमच्याकडे ठेवतातच, नवी आणलेली दिसावी म्हणून. पण याने त्याचा कहर केला. चप्पल झटकून आत बसायचं, मासे डिकीत, रोटी खाली उतरून खायची.

"मास्तर, ही टॅक्सी आहे की देवघर?" आपेनिसा विचारायचा.

"तू तुझ्या भुताला सांभाळ."

एकदा भर पावसात सुबरमनी दवाखान्याच्या फाटकाशी भिजत उभा होता. गाडी रोनीलकडे होती. आपेनिसाने चंदेरी थांबवून दार उघडलं, आत ये म्हणाला. हा बसला नाही. बस येईपर्यंत तसाच भिजला आणि पुढे आठवडाभर खोकत माझ्या टेबलाशी यायचा. मला त्याचा राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं. दिलेला शब्द इतका पाळणारं माणूस आता कुठे राहिलंय?

गाळप संपलं. उसाचे ट्रक थांबले. पांढरी गाडी पाण्यासारखी चालत होती. रोनीलने बस कंपनीकडून थोडी मुदत मागून घेतली होती. प्रणीता माझ्याकडे येऊन म्हणाली, "दीदी, दारात भेंडी लावू म्हणते मी." माणूस भेंडी लावतो म्हणजे राहायचं ठरवतो, असं मला वाटलं. सुबरमनी स्टँडवर सगळ्यांना ग्रोग पाजत फिरत होता.

पुढचं गाळप तोंडावर आलं असताना, एका दुपारी, गाडीच्या डॅशबोर्डवर बिघाडाचा लाल त्रिकोण पेटला.

रोनील तेव्हा एका कुटुंबाला घेऊन नांदीच्या विमानतळावर चालला होता. तिघं जण, सिडनीला कायमचे निघालेले, घरीच अख्ख्या खानदानाचा निरोप घेतलेले. बा गाव ओलांडून चढावर गाडी धापा टाकायला लागली आणि उभी राहिली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. ती बाई रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसून रडली. विमान चुकलं. तिच्या नवऱ्याने रोनीलला जे काही सुनावलं ते रोनीलने घरी कुणाला सांगितलं नाही. ड्रायव्हरांकडून मला कळलं.

साखरेच्या मिलजवळच्या मेकॅनिकने मागचं आसन काढून आतली मोठी बॅटरी उघडली. काही कप्पे मेले होते. त्याने मोडीत काढलेल्या गाडीतले कप्पे आणून बसवले. दोन आठवडे बरे गेले. मग शेजारचे कप्पे रुसले. ते बदलले, तर त्यांच्या शेजारचे. सुबरमनी रोज तिथे जाऊन बसायचा, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा. माझी रोटी घ्यायचा आणि ग्रेड द्यायचा विसरायचा. खरं सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग एक दिवस तो डोळे लाल करून आला. "दीदी, मला फसवलंय. कागद खोटा आहे. एजंटाने बनवलाय. साडेचारची गाडी अशी मरत नाही. मी चासीचा नंबर जपानला पाठवलाय. ज्या लिलावात विकली तिथला मूळ कागद मागवलाय. येऊ दे एकदा, त्या हरामखोराला लाउटोकाच्या भर बाजारात उभा करतो. पोलिसात देतो. पैसे काढून घेतो, नवी गाडी आणतो. रोनीलला सांगितलंय मी, थोडा थांब."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, थांबतो."

ते दिवस त्याने कसे काढले असतील! माणूस खरं निघावं म्हणून देवाला नवस बोलतो. हा खोटं निघावं म्हणून बोलला. मरियम्मनला कोंबडा कबूल केला.

उत्तर आलं तेव्हा तो माझ्या टेबलाशीच होता. फोन नाकाशी धरून त्याने खालपासून वरपर्यंत वाचलं, मग परत वाचलं. दुसरा फोटो उघडला, जुन्या कागदाचा. दोन्ही आलटूनपालटून बघितले.

"काय रे?" मी विचारलं.

"तोच आहे."

"म्हणजे?"

"खरा आहे, दीदी. तोच कागद. साडेचार, आतून ए. डाव्या बंपरवर ए-वन. पळालेली तेवढीच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

मी वेडी, बोलून गेले, "चला, निदान फसवणूक तर नाही झाली."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला जीभ चावावीशी वाटली. "खोटा निघाला असता तर कुणाचं तरी नरडं धरता आलं असतं," तो म्हणाला. "आता कुणाचं धरू?"

संध्याकाळी मेकॅनिकने त्याला सांगितलं. रागाने नाही, सहज, हात पुसत. टॉर्च घेऊन फिरणारा माणूस पत्रा बघतो, आसनं बघतो, गंज बघतो. बॅटरीच्या पोटात काय चाललंय हे त्याला बाहेरून दिसत नाही आणि कागदावर तो ते लिहीतही नाही. ही गाडी वर्षानुवर्षं नुसती उभी राहिली. उभी राहूनच बॅटरी आतून मेली. रोज पळाली असती तर जगली असती. सुबरमनीने मान हलवली आणि चालत घरी आला. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. दारासमोरून गेला, माझ्याकडे बघितलंही नाही.

रोनीलने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. त्याने जेवताना सांगितलं, तिकीट काढलंय, प्रणीताचं पाठोपाठ होईल. सुबरमनीने साक्षीदारासमोर दिलेला शब्द होता. "बरं," म्हणाला. मुनियम्माच तेवढी बोलली, "भेंडीला फुलं आलीत रे," आणि ताट उचलून आत गेली.

सुबरमनीची एकच मागणी होती. विमानतळावर मी सोडणार, याच गाडीतून. मेकॅनिककडे जाऊन त्याने परत कप्पे बदलून घेतले. आदल्या दिवशी गाडी धुतली, आरशाला हार घातला. रोनील मला हळूच म्हणाला, "दीदी, मी आपेनिसा काकांना सांगून ठेवलंय. अप्पांना बोलू नका."

सकाळी सामान डिकीत चढलं. प्रणीता मागे आपल्या आईकडे थांबणार होती. तिथेच दोघांनी निरोप घेतला होता. मी वाटेत खायला रोट्या बांधून आणल्या होत्या, मीही सोबत निघाले होते. सुबरमनीने चप्पल झटकली, आत बसला, बटण दाबलं. दिवे लागले. गाडी फाटकापर्यंत गेली. तिथे लाल त्रिकोण पेटला आणि ती थांबली. त्याने परत बटण दाबलं. परत दाबलं. हार हलत होता फक्त.

समोरच्या वळणावर आपेनिसाची चंदेरी उभीच होती, ती आली. रोनीलने एका गाडीतून सामान काढून दुसऱ्या गाडीत ठेवलं. मुनियम्मा जाऊन आत बसली. तिने सासूला तसा शब्द दिलाच नव्हता, की दिलेला त्या क्षणी मोडला, मला माहीत नाही.

रोनील बापाजवळ आला. "अप्पा, तुम्ही इथूनच आशीर्वाद द्या. मला माहीत आहे तुमचं. मला वाईट वाटणार नाही."

सुबरमनी अजून स्टीअरिंगमागेच बसला होता. मग उतरला. दार हलक्या हाताने लावलं. चंदेरीपाशी आला आणि थबकला. ते उजवीकडचं मागचं दार, ज्यावर कागदात दोन एक्स होते, आपेनिसाने आतून उघडलं. आम्ही सगळे त्याच्या पायांकडे बघत होतो. त्याने डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, आईला असेल की भावाला, आणि पाय आत ठेवला. दार लागलं. असं लागलं की आवाजसुद्धा झाला नाही.

वाटभर तो त्या दाराच्या आतल्या पत्र्यावर तळहात ठेवून बसला होता. बा गेलं, लाउटोका गेलं. चढावर गाडीने एक आचका दिला नाही. आपेनिसा एरवी गात चालवतो, त्या दिवशी गप्प होता. नांदीला रोनील पाया पडला. सुबरमनीला खूप काही बोलायचं होतं, मला दिसत होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तिकडे ब्रेक जरा आधी दाब. रस्ते थंडीने निसरडे होतात म्हणतात." तो कधी तिकडे गेलेला नाही.

परत येताना, बाच्या अलीकडे, आपेनिसाला राहवेना. "मास्तर," तो म्हणाला, "आज बसलासच, तर सांगून टाक. माझ्या म्हातारीला ग्रेड काय?"

सुबरमनी बाहेर उसाकडे बघत होता. तसाच म्हणाला, "मला ग्रेडमधलं काही कळत नाही रे, आपेनिसा."

त्यानंतर त्याने कशालाच ग्रेड दिला नाही. लोक कागद पाठवायचे, तो बघायचा नाही. मग पाठवायचे थांबले. परमिट दुसऱ्याच्या गाडीवर गेलं. प्रणीताही गेली. भेंडी जून होऊन वाळली, मुनियम्माने तोडली नाही.

पांढरी गाडी त्यांच्या दारात उभी आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, सुबरमनीने त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही. रोज सकाळी तो बादली आणि फडकं घेतो, गाडी पुसतो, काचा पुसतो, आतलं प्लास्टिक पुसतो. मग थोडा वेळ आत बसतो. कधी कधी मुनियम्माही येऊन मागे बसते, दोघं दारं उघडी टाकून रस्त्याकडे बघत राहतात. रविवारी रोनीलचा फोन येतो तेव्हा आतच बसून घेतात.

परवा मी रोट्या घेऊन गेले. उन्हात गाडी अशी चमकत होती की डोळे दिपावेत. मला त्याचा आणि त्या गाडीचा दोघांचाही राग आला. मी म्हटलं, "अरे, पुरे की आता. चालत नाही, हलत नाही, कशाला रोज घासतोस मेल्या पत्र्याला?"

तो पुसतच राहिला. डाव्या बंपरवरच्या त्या नखाएवढ्या ओरखड्यावरून फडकं दोनदा फिरवलं. मग माझ्याकडे वळून, काही तक्रार नसल्यासारखा म्हणाला, "दीदी, जपानमधला तो म्हातारा पण रोज पुसत असणार. पोरगा गेल्यावर. म्हणून तर साडेचार मिळाले."